आजीव वर्गणीचा हिशेब

एखादे नियतकालिक सुरू कसे करावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते बंद कसे करावे, हे सांगणारा मात्र आम्हांला आजवर कोणी भेटला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही आमचे चारपानी मासिक बंद केले. डिसेंबर १९९३ च्या नाताळात त्याचा पहिला अंक निघाला होता. म्हणजे बरोबर तीस वर्षे भरली. महिन्याला एक याप्रमाणे ३६० अंक व्हावयास हवे होते; झाले ३५८. दोनदा जोडअंक काढावा लागला. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत छापखान्यात कमरेएवढे पाणी शिरले तेव्हा एकदा, आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा दुसऱ्यांदा. मासिकाचे नाव येथे देत नाही. जिवंत असताना ज्याची जाहिरात करणे आम्हांला साधले नाही, त्याची मेल्यावर काय करावयाची?

आम्ही तेव्हा वसईतील एका शाळेत मराठी शिकवीत होतो. तो काळ वसईत मोठ्या खळबळीचा होता. पश्चिम पट्ट्यातील वाड्यांतून टँकर भरभरून पाणी शहरांकडे चालले होते, विहिरी मचूळ होऊ लागल्या होत्या, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले होते. या मोठ्या गोष्टी मोठी वृत्तपत्रे छापीत होती. परंतु अमक्या आळीतील बावखल कोणी रात्रीतून भराव टाकून बुजविले, तमक्याच्या पानवेलीला रोग पडला, कोणाची मुलगी परिचारिका होऊन आखातात गेली, कोणाच्या आजीने नव्वदाव्या वर्षी देह ठेवला, हे छापणारे कोणी नव्हते. चर्चच्या फलकावर आठ दिवस कागद डकवला जाई; पावसाने भिजला की गेला. आम्हांला वाटले, हे कुठेतरी टिकून राहावे. हे आम्ही आज सांगतो ते कारण. त्या वेळी खरे कारण एवढेच होते की, शाळेत एक जुने सायक्लोस्टाइल यंत्र पडून होते आणि मुख्याध्यापकांनी सुटीच्या दिवशी ते वापरण्याची परवानगी दिली होती. यंत्र नसते तर समाजकार्य सुचले असते की नाही, याची शंकाच आहे.

स्टेन्सिलवर मराठी लिहिणे ही एक साधना होती. मेणाचा तो निळा कागद पोलादी पट्टीवर ठेवून टोकदार लेखणीने अक्षरे कोरावयाची. दाब कमी पडला तर अक्षर उमटत नाही. जास्त पडला तर कागद फाटतो. 'ठ' आणि 'ळ' ही आमची वैरी अक्षरे. त्यांचे वर्तुळ पुरे झाले की मधला तुकडा सुटून पडे आणि छापताना तेथे शाईचा काळा ठिपका येई. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांच्या अंकांत नाताळाचा 'ळ' कोणाला नीट वाचता आलेला नाही. चूक झाली की लाल द्रवाचा थेंब लावून वाळू द्यावयाचा आणि त्यावर पुन्हा कोरावयाचे. त्या द्रवाचा उग्र वास आमच्या बोटांना शनिवारपासून सोमवारपर्यंत येत असे. पहिल्या अंकाच्या साठ प्रती काढल्या आणि रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून वाटल्या. चाळीस गेल्या. उरलेल्या वीस आम्ही सायकलवरून घरोघर टाकल्या.

पुढे १९९५ साली अंक ऑफसेटवर छापू लागलो तेव्हा रीतसर नोंदणी केली. या नोंदणीपोटी दरवर्षी मार्चच्या अंकात मालकी व इतर तपशिलाचे एक निवेदन छापावे लागे. कायद्याने ठरवून दिलेला तो नमुना आमच्या वाचकांच्या करमणुकीचा विषय होता. मुद्रकाचे नाव, राष्ट्रीयत्व, पत्ता. प्रकाशकाचे नाव, राष्ट्रीयत्व, पत्ता. संपादकाचे नाव, राष्ट्रीयत्व, पत्ता. मालकाचे नाव. चारही ठिकाणी आम्हीच. आणि खाली, वरील माहिती आमच्या समजुतीप्रमाणे खरी आहे असे प्रकाशक या नात्याने जाहीर करून सही करणारेही आम्हीच. एका मिस्कील वाचकाने कळविले होते की, वाचकाचे नावही त्यात घालावे. ते बहुधा तुमचेच असेल.

वास्तविक ते निवेदन खरे नव्हते. अंकाच्या घड्या घालणे, मैद्याची खळ शिजवणे, पट्ट्या कापून त्यावर पत्ते डकवणे, हे सारे आमच्या सौभाग्यवती करीत. तीस वर्षे दर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी आमच्या ओटीवर कागदांचा ढीग पडे आणि त्या दिवशी घरात रात्री पेजेशिवाय दुसरे काही मिळत नसे. कायद्याच्या नमुन्यात घडी घालणाऱ्याचे नाव विचारलेले नाही, म्हणून ते कधी छापले गेले नाही. आम्ही अग्रलेखात 'आम्ही' असे लिहीत असू, तेव्हा लोकांना ते संपादकीय ऐट वाटे. निदान महिन्यातून एक गुरुवार तरी ते अनेकवचन शब्दशः खरे होते.

टपालाचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण त्याच्यावाचून आम्ही दोन वर्षेही टिकलो नसतो. नोंदणीकृत वृत्तपत्राला ५० ग्रॅमपर्यंत २५ पैसे हा सवलतीचा दर होता. ३० जून २०११ पासून २५ पैशांचे नाणे चलनातून बाद झाले. दर मात्र कायम राहिला! ज्या पैशाचे नाणे उरले नाही त्या पैशात आमचा अंक चंद्रपूर जिल्ह्यातील बदलीच्या गावी गेलेल्या शिक्षकापर्यंत पोहोचत असे.

अंकाचे तिसरे पान 'प्रभूच्या घरी' या सदराचे. खरे सांगावयाचे तर लोक अंक तेथूनच उघडीत. अग्रलेख आम्ही रात्र रात्र जागून लिहावा आणि लोकांनी प्रथम मृतांची नावे वाचावीत, याचे आरंभी वाईट वाटे; नंतर त्यातील न्याय कळला. नाव, वडिलांचे नाव, घराण्याचे नाव, वय, मागे कोण आहे, महिन्याची मिस्सा केव्हा, आणि त्या माणसाविषयी दोन ओळी. या दोन ओळींसाठी आम्ही स्वतःला एक नियम घालून घेतला होता: ज्याच्या अंगणात आपण उभे राहिलो नाही त्याची निधनवार्ता छापावयाची नाही. मग पाऊस असो की परीक्षा असो, आम्ही सायकल काढून त्या घरी जात असू. घरच्यांशी बोलल्यावर कळे की, गेलेले गृहस्थ केळीच्या बागेत एकटे असताना मोठ्याने लॅटिन स्तोत्रे म्हणत. किंवा एखादी आजी पहाटेच्या लोकलने दादरला भाजी घेऊन जाई आणि परतताना डब्यातल्या बायकांना जपमाळ म्हणावयास लावी. अशा गोष्टी फोनवर कोणी सांगत नाही. चहाचा कप हातात द्यावा, मग थोडा वेळ काहीच बोलू नये, मग त्या येतात.

या नियमाचे दुसरेही एक कारण होते. आमच्या गावांत आडनावे मोजकी, आणि बाप्तिस्म्याची नावे संतांची, म्हणजे तीही मोजकीच. एकाच नावाची, एकाच आडनावाची, इतकेच काय वडिलांचेही नाव तेच असलेली दोन-दोन, तीन-तीन माणसे एका धर्मग्रामात असतात. लोक त्यांना घराण्याच्या टोपणनावाने ओळखतात. ते टोपणनाव कागदपत्रांत कोठेच नसते. म्हणून आम्ही एक जाड वही केली होती. तीत आळीवार, घरवार नावे होती. कोण कोणाचा, टोपणनाव काय, कोणाची सोयरीक कोठे, परदेशी कोण गेले. माणूस गेला की त्याच्या नावापुढे निळ्या शाईने लहानसा क्रूस काढावयाचा. तीस वर्षांत त्या वहीला तीनदा नवी बांधणी करावी लागली.

आता मासिक का बंद केले, ते सांगतो. लोकांना आम्ही जी कारणे सांगितली ती सगळी खरी होती, आणि त्यांतील एकही मुख्य नव्हते. कागद महागला, हे खरे. २००८ साली ६४० प्रती जात होत्या त्या २०२२ पर्यंत ११२ वर आल्या, हेही खरे. डोळ्यांत मोतीबिंदू होऊन गेला आणि उजव्या डोळ्याचा पडदा दुबळा झाला, गुडघ्यांनी सायकल सोडायला लावली, हेही खरे. परंतु या सर्वांवर आम्ही तोडगे काढले होते आणि ते तोडगेच आम्हांला नडले.

टाळेबंदीत छापखाना बंद झाला तेव्हा आमच्या थोरल्याने अंक पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठविण्याची विद्या शिकविली. एका रात्रीत अंक कुवेत, टोरांटो, मेलबर्न असा फिरून आला. मुंबईच्या पलीकडे ज्यांचे पाऊल पडले नव्हते अशा आमच्या अंगी एकदम विश्वसंचार आला. त्याच काळात निधनवार्ताही मोबाइलवरच येऊ लागल्या. घरी जाण्याची मुभाच नव्हती. किती माणसे त्या दोन वर्षांत गेली! एका महिन्यात तिसरे पान पुरले नाही, चौथेही त्याच सदराला द्यावे लागले. अंगणात उभे राहण्याचा नियम मोडला तो असा, महामारीच्या निमित्ताने. आणि त्यात आमचा दोष नव्हता. दोष पुढचा आहे. दारे उघडल्यानंतरही आम्ही तो नियम पुन्हा सुरू केला नाही. कोणी संदेश पाठवावा, आम्ही तो चष्मा लावून, भिंग धरून उतरवून घ्यावा, आणि दोन ओळी मनाने जोडाव्यात. 'मनमिळाऊ', 'कष्टाळू', 'श्रद्धाळू'. हे तीन शब्द आम्ही १९९३ पासून कटाक्षाने टाळले होते. २०२१-२२ च्या अंकांत ते किती वेळा आले, हे मोजण्याचे धैर्य आम्हांला नाही.

सप्टेंबर २०२२ च्या अंकात आम्ही एका जिवंत माणसाला मृत केले.

संदेशात टोपणनाव नव्हते. त्या नावाचे दोघे जण दोन शेजारच्या आळ्यांत राहत. वयात तीन वर्षांचे अंतर. गेले ते धाकटे. आम्ही वही उघडली, पण डोळ्यांनी वरची ओळ धरली, आणि थोरल्यांच्या घराण्याचे नाव, मुलांची नावे, सगळे व्यवस्थित उतरवून काढले. वहीत त्यांच्यापुढे क्रूसही काढला. खाली 'मनमिळाऊ' लिहिले. रात्री अकराला अंक मोबाइलवरून रवाना केला आणि झोपलो.

थोरल्यांची मुलगी कुवेतला परिचारिका आहे. रात्रपाळीत उसंत मिळाली तेव्हा तिने गावचा अंक उघडला, आणि सगळे उघडतात तसे प्रथम तिसरे पान उघडले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजून गेला असेल. तिने घरी फोन लावला. कोणी उचलला नाही. भावाला लावला, त्याचा बंद होता. आपल्याकडची माणसे रात्री फोन बंद करून निजतात, यात त्यांचे काय चुकले? पहाटे चारला एका शेजाऱ्याने फोन घेतला, कंदील नाही पण बॅटरी घेऊन वाडीतून गेला आणि तिच्या वडिलांना उठवून त्यांच्या हाती फोन दिला. अडीच तास. एवढा वेळ ती रुग्णांना औषधे देत हिंडत होती.

छापील अंकात अशी चूक झाली असती तर? १९९७ साली एका लग्नाच्या वार्तेत आम्ही वराच्या जागी वराच्या भावाचे नाव घातले होते. अंक टपालात जाण्यापूर्वी ध्यानात आले. सौभाग्यवती आणि आम्ही रात्री दोनपर्यंत बसून चारशे प्रतींवर पट्टी डकविली. मोबाइलवरून गेलेल्या अंकावर पट्टी डकविता येत नाही. तो आमच्याकडून निघाला आणि तासाभरात कोठे कोठे गेला, हे कोणालाही ठाऊक नव्हते. दुरुस्तीचे पत्रक आम्ही सकाळी सहाला पाठविले. चुकीचा अंक पुढे आठ दिवस फिरत होता. दुरुस्ती मात्र कोणी पुढे पाठविल्याचे ऐकिवात नाही.

त्या सकाळी आम्ही मुलाच्या स्कूटरवर मागे बसून त्यांच्या घरी गेलो. दोन वर्षांनी आम्ही कोणाच्या अंगणात उभे होतो. ते ओटीवर सुपारी कातरीत बसले होते. आम्हांला पाहून हसत उठले, आणि म्हणाले, "या गुरुजी, मयताला आलात ना?" आम्हांला बोलता येईना. त्यांनी आम्हांला बसविले, सुकेळी पुढे केली आणि आपली निधनवार्ता नातवाकडून दोनदा वाचून घेतल्याचे सांगितले. त्यांची एकच तक्रार होती. "मनमिळाऊ लिहिलंत. मी मनमिळाऊ नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. भावाशी वीस वर्षं बांधावरून भांडलो. तुम्ही पूर्वी नीट विचारून लिहायचात." त्यांची पत्नी मात्र हसली नाही. दाराआडून तिने एवढेच म्हटले की, मुलगी अजून रडते आहे.

मुलीला आम्ही पत्र लिहिले. कागदावर, टपालाने. उत्तर आले नाही. ते येण्याची अपेक्षा धरणे हाही एक प्रकारचा लोभच होता.

त्यानंतरही मासिक बंद करण्याचे ठरविण्यास आम्हांला पाच महिने लागले, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. आम्ही स्वतःशी अनेक युक्तिवाद केले. चूक कोणाची होत नाही? तीस वर्षांत एक! लोकांना गरज आहे. आपण थांबलो तर हे कोण करील? हा शेवटचा प्रश्न फार फसवा असतो. त्याचा सूर चिंतेचा आणि गाभा अहंकाराचा. सौभाग्यवतींनी आमच्या बोलीत जे ऐकविले त्याचा सारांश असा: 'तुम्ही थांबलात तर हे कोण करील ते मला माहीत नाही, पण हल्ली तुम्हीही ते करीत नाही, फक्त अंक काढता.' बोलीत हे वाक्य पुष्कळच धारदार होते.

त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर २०२२ रोजी, सोळावे बेनेडिक्ट निवर्तले. वृत्तपत्रांतून त्यांच्या पदत्यागाची आठवण पुन्हा निघाली. ११ फेब्रुवारी २०१३ रोजी त्यांनी आपला निर्णय लॅटिन भाषेत जाहीर केला तेव्हा ते ८५ वर्षांचे होते. शरीराचे आणि मनाचे बळ ओसरले आहे आणि हे पद नीट सांभाळण्यास आपण आता पुरे पडत नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. सुमारे सहाशे वर्षांत कोणा पोप महोदयांनी असे पद सोडले नव्हते. त्या वेळी आमच्या मासिकात आम्ही त्यावर अग्रलेख लिहिला होता. तो काढून वाचला. 'नम्रतेचा महान आदर्श' वगैरे शब्द आम्ही ६४ व्या वर्षी सढळ हाताने वापरले होते. त्यात पद सोडणाऱ्याला आदल्या रात्री काय वाटले असेल, याविषयी एक अक्षर नव्हते. पोपची आणि चारपानी मासिकवाल्याची तुलना कोणी करू नये, हे आम्हांस कळते. परंतु माणूस आधार शोधू लागला की जिना कोणाचा आहे ते पाहत नाही.

मराठीत नियतकालिके बंद पडण्याची परंपरा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ साली निघाले आणि १८४० साली थांबले. 'सत्यकथा' १९८२ साली बंद झाले तेव्हा आम्ही तेहतीस वर्षांचे होतो. आता लिहिणाऱ्यांनी जावे कोठे, असे त्या वेळी वाटल्याचे आठवते. लिहिणारे कोठे ना कोठे गेलेच. बंद करण्याहून अवघड आणि अधिक चांगली गोष्ट आहे दुसऱ्याच्या हाती देण्याची. फादर दिब्रिटो यांनी १९८३ पासून २००७ पर्यंत 'सुवार्ता'चे संपादन केले आणि मग ते काम पुढच्यांच्या स्वाधीन केले. जुलै २०२४ मध्ये ते गेले. 'सुवार्ता'मागे संस्था होती, 'निरोप्या'सारख्या १९०३ पासूनच्या मासिकामागे येशूसंघ आहे. आमच्यामागे मैद्याची खळ होती. एकट्याच्या उद्योगाला वारस नसतो, हे सुरू करतानाच ध्यानात घ्यावयास हवे होते. तेव्हा आम्ही चव्वेचाळीस वर्षांचे होतो, आणि त्या वयात माणूस स्वतःला संस्थाच समजतो.

राखेच्या बुधवारी, २२ फेब्रुवारी २०२३ रोजी, कपाळावर राख घेऊन घरी आलो आणि मार्चच्या अंकासाठी ते मालकीचे निवेदन भरावयास बसलो. चार वेळा आपले नाव लिहिले. मग खाली स्वतंत्र चौकटीत लिहिले की, हे निवेदन शेवटचे आहे. नोव्हेंबरच्या अंकानंतर मासिक थांबेल. लिहून झाल्यावर सुटल्यासारखे वाटले, असे म्हणावयास आवडले असते. प्रत्यक्षात भूक लागली होती, आणि उपवासाचा दिवस होता.

नोव्हेंबर निवडला तो मृतात्म्यांचा महिना म्हणून. मधल्या आठ महिन्यांत आम्ही पुन्हा नियम पाळला. रिक्षाने, मुलाच्या स्कूटरवर, एकदा टेम्पोत पुढे बसून, प्रत्येक घरी गेलो. वार्ता कमी छापल्या, उशिरा छापल्या, पण पाहून छापल्या. त्या आठ अंकांत ते तीन शब्द नाहीत.

आता हिशेबाचे. मासिक काढणाराला बंद करताना सर्वांत मोठी अडचण येते ती आजीव वर्गणीदारांची. १९९५ साली छपाईसाठी रक्कम हवी होती म्हणून आम्ही १५१ रुपयांत आजीव वर्गणीदार केले. २१४ जण झाले. 'आजीव' म्हणजे कोणाचा जीव? वर्गणीदाराचा, मासिकाचा की संपादकाचा? तेव्हा कोणी विचारले नाही. आम्ही पावतीपुस्तके काढली आणि वहीशी ताडून पाहिले. २१४ पैकी ९७ जणांपुढे क्रूस होते. त्यांच्याशी आमचा करार पुरा झाला होता. राहिले ११७. नियमाने पाहिले तर त्यांचे देणे होते. किती? अठ्ठावीस वर्षे अंक घेतल्यावर १५१ रुपयांतले काय शिल्लक राहते, याचे गणित कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. सौभाग्यवती म्हणाल्या, सरळ १५१ परत द्या, वाद नको. आम्ही ११७ पाकिटे केली, प्रत्येकात १५१ रुपये आणि चार ओळींचे पत्र. सतरा हजार सहाशे सदुसष्ट रुपये झाले. निवृत्तिवेतनातून ते दोन हप्त्यांत उभे केले.

पाकिटे पोहोचविण्यास दीड महिना लागला. ४१ परत आली. कोणी म्हणाले, आम्ही पैसे वाचण्यासाठी दिले होते, ते वाचून झाले. एकाने पाकीट ठेवून घेतले आणि वर, व्याज राहिले, असे हसत सांगितले. ते पूर्ण विनोदाने होते अशी आमची समजूत आहे. एक बाई, वय नव्वदीच्या घरातले, पाकीट हातात घेऊन बराच वेळ बसल्या. मग त्यांनी विचारले, "म्हणजे आता मी गेले तर कळवायचं कुणाला?" याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. परत आलेले ६,१९१ रुपये सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीच्या पेटीत टाकले.

मासिक थांबल्यावर पुढच्या महिन्याचा शेवटचा गुरुवार आला. ओटी रिकामी होती. सौभाग्यवतींनी त्या रात्री मासळीची आमटी केली. जेवताना दोघांपैकी कोणीच काही बोलले नाही.

आमच्या पुतण्याची मुलगी मुंबईत महाविद्यालयात शिकते. जानेवारीत ती आली आणि म्हणाली, "आजोबा, मी गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मोबाइलवर चित्रित करणार आहे." आम्ही मोठ्या मनाने म्हणालो की, आमच्या मासिकाचे नाव खुशाल वापर. तिने क्षणभर विचार केला आणि नम्रपणे सांगितले की, नाव नको, ते जरा जुनाट वाटते. वही मात्र हवी. हा घाव आम्ही अनपेक्षितपणे बरा सोसला. वही देताना एक अट घातली. तीत जे लिहिले आहे ते खरे मानावयाचे नाही; त्या घरी जाऊन विचारावयाचे.

तिसऱ्या आठवड्यात ती वही घेऊन परत आली. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. अमके घर विकले, तेथे आता चार मजली इमारत आहे. तमक्यांचे टोपणनाव आपण चुकीचे लिहिले आहे, त्यांनी राग धरला आहे. या आजी वसईत नाहीत, मुलाकडे नाशिकला असतात. आमच्या तीस वर्षांच्या वहीत तिने एकोणीस दिवसांत सव्वीस चुका काढल्या. आणि मग एका नावावर बोट ठेवून विचारले, "आजोबा, यांच्यापुढे क्रूस कसा? यांनी तर मला काल पेरू दिले. दोन तास भावाच्या बांधाची गोष्ट सांगत होते."

आम्ही वही जवळ ओढली. सप्टेंबर २०२२ चा तो क्रूस आम्ही खोडलाच नव्हता. दुरुस्तीचे पत्रक काढले, घरी जाऊन क्षमा मागितली, कुवेतला पत्र लिहिले, आणि ज्या ओळीत चूक झाली ती ओळ मात्र तशीच राहिली होती. तिने खोडरबर पुढे केले. शाई होती, जाईना. शेवटी सौभाग्यवतींनी आतून दाढीचे पाते आणून दिले. भिंग तिने धरले आणि आम्ही कागद फाटणार नाही अशा बेताने, हळूहळू ती शाई खरवडून काढली.